आतल्या खोलीत इंग्रजी भुतं

जव्हारला मी शाळेत इंग्रजी शिकवते. माझं इंग्रजी पुस्तकी, डोळ्यांनी वाचलेलं, कानांनी फारसं न ऐकलेलं. ते सुधारावं म्हणून मोबाइलवर फुकटची ऑडिओबुकं शोधली, तर फुकटात मिळाली ती सगळी जुनी. नवं कोण फुकट देतं? त्यातही माझ्या हाताला लागल्या त्या भयकादंबऱ्या. समुद्रकाठचे अंधारे वाडे, कुलूप घातलेल्या खोल्या, मेणबत्ती घेऊन जिना चढणाऱ्या मुली. वाचणारी माणसं हौशी, बिनपगारी. एक प्रकरण खर्जातला म्हातारा वाचायचा, पुढचं सर्दी झालेली मुलगी. ऐन भुताच्या वेळी वाचणाऱ्याच्या घरातलं कुत्रं भुंकायचं. मला त्या माणसांची माया वाटायची. आपण कोणासाठी वाचतोय हे माहीत नसताना इतकं मन लावून वाचायचं, हे काही सोपं नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी बाबाला अर्धांगवायू झाला. आमचं घर मोखाड्याच्या वर, सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यात. बाबाचा उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा, माणसांत बसवा, शब्द हळूहळू येतील. बाबाने डाव्या हाताने आतली खोली दाखवली, खाट तिथे टाकायला लावली आणि भिंतीकडे तोंड केलं. कोणी भेटायला आलं की हाताने हाकलायचा. ज्याच्या गोष्टी ऐकायला अख्खा पाडा खळ्यावर जमायचा, त्याला आता तोंड दाखवायची लाज वाटावी, याचं मला फार वाईट वाटायचं. रागही यायचा. असाच पडून राहिला तर तो पुन्हा कधी बोलणार नाही, ही भीती आई आणि मी एकमेकींना सांगत नव्हतो, एवढंच.

शनिवारी शाळा सुटली की मी एसटी धरायचे. घरी रेंज नाही, म्हणून प्रकरणं जव्हारलाच उतरवून घ्यायची आणि रस्ताभर ऐकायची. रविवारी बाबाजवळ बसून बोलायचं तरी काय? तब्येतीचं काढलं की तो डोळे मिटायचा. शेतीचं काढलं की आणखी घट्ट मिटायचा. मग ऐकलेलंच सांगायला लागले. वाडा कसा, तर जव्हारच्या राजवाड्यासारखा, पण छप्पर गळकं आणि खाली समुद्र. धुकं कसं, तर आषाढात आपल्या दरीतून वर येतं तसं. दोन पुस्तकांची खिचडी झाली तरी मी बिनधास्त पुढे रेटायचे.

हरकत घ्यायची ती आई. चुलीपाशी नागली निवडता निवडता विचारायची, "ती पोर रातचीच कशी उठून जाते? दिवसा नाय जाववत?"

"दिवसा गेली तर गोष्ट संपेल ना."

"मंग संपू दे. काय अडलंय तिचं?"

आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. सांगणारा थोडं सांगून थांबतो, ऐकणारा 'हं' म्हणतो, मग गोष्ट पुढे सरकते. हुंकार आला नाही म्हणजे ऐकणारा झोपला, गोष्ट बंद. बाबा हुंकार देत नव्हता. त्याच्या वाट्याचा आईच द्यायची.

उन्हाळा लागला. एका रविवारी आई पाण्याला गेली होती आणि मी सांगत होते. वाड्याच्या मालकाने सख्ख्या बहिणीला वरच्या खोलीत कोंडलंय, लोकांना सांगितलंय की ती मेली. रिकामी पेटी पुरलीसुद्धा. घरात आलेल्या नव्या सुनेला रोज वरून पावलं ऐकू येतात. ती जिना चढते, दाराला कान लावते. इथे मी सवयीने थांबले. हुंकार द्यायला आई नव्हती. जरा वेळाने भिंतीकडून आवाज आला, "हं." प्रेमाने वगैरे नाही, चांगला खेकसून. मला रडू फुटत होतं, पण रडत बसले असते तर गोष्ट अडली असती, म्हणून सांगत राहिले.

पुढच्या रविवारी मी चांगलीच रंगात आले. पुस्तकातली सगळी माणसं त्या कोंडलेल्या बाईला भितात, म्हणून मीही भीतीच सांगत होते. तिचे पिंजारलेले पांढरे केस, दारावर आतून नखांचे ओरखडे. बाबाने मान माझ्याकडे वळवली. त्याचे ओठ बराच वेळ नुसतेच हलले.

"तिला," तो म्हणाला, "पानी... कोन देतं?"

आई नुकतीच हंडा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. पुस्तकात याचं उत्तर नव्हतंच. इतक्या प्रकरणांत कोणालाही हे विचारावंसं वाटलं नव्हतं, मलाही नाही.

"एक बाई आहे कामाला," मी ठोकून दिलं. "ती रोज तांब्या घेऊन जाते."

"बसते? तिच्यापाशी?"

"बसते."

खरं सांगते, मला आनंदाआधी संताप आला. इतके महिने आई त्याच्या तोंडाला पाणी लावत होती, पाठ चोळत होती. तिच्यासाठी एक शब्द नाही, आणि पहिला शब्द कोणा परक्या, कधी जन्मालाच न आलेल्या बाईसाठी. मी आईकडे पाहिलं. तिला राग आलेला दिसत नव्हता. तिने हंडा खाली ठेवला, खाटेच्या पायथ्याशी जाऊन वाकली आणि मला म्हणाली, "धर तिकडून."

आम्ही खाट उचलली. बाबाने डावा हात वर केला, मला वाटलं आता हाकलतो. त्याने दाराची चौकट पकडली आणि खाट वळवायला जोर लावला.

बाहेर ओट्यावर ऊन होतं. शेजारचा म्हातारा, जन्मभर बाबाच्या जोडीने भाताला राबलेला, बैल घेऊन समोरून चालला होता. बाबाला पाहून तो थबकला, मग मान खाली घालून पुढे निघाला. बिचारा कितीदा तरी दारातून हाकलला गेला होता. बाबाचं तोंड आणखी वाकडं झालं, लाळ हनुवटीवर आली, ती त्याने पुसली नाही.

"ये," तो म्हणाला. "बस."