कापणारीचे गुडघे

माझी बायको लक्ष्मी आधण ठेवायच्या आधी ओटीवर येऊन विचारायची, “जेवणार कोण?” घरात आम्ही दोघंच. मी चिडायचो. ती म्हणायची, “चिडा. पण दाढ दुखतेय ना? मग पेज टाकते.”

मी लोहार. शाळा दुसरीतच सुटली. बाजारात तयार सुऱ्या आल्या आणि माझ्याकडून कोयते, विळ्या कुणी करून घेईना. मुलगा मुंबईहून फोनवर एकच म्हणे, भट्टी बंद करा, इकडे या. लक्ष्मीला ते नको होतं. “त्या खोलीत मी बोलू कुणाशी? भिंतीशी?”

तेव्हा आखातातल्या पैशावर आमच्या भागात नवी घरं उठत होती. स्वयंपाकघरात ओटे आले होते. ओट्याच्या कडेला आवळून बसवायची विळी करायचं मी ठरवलं. लोखंड कापायला घेतलं, तर ही आडवी.

“आधी सांगा, कापणार कोण?”

“सुना कापतील.”

“कुठली सून? चला, दाखवा.”

शेजारच्या हलिमाबींकडे नेलं मला ओढत. त्यांची सून हसायलाच लागली. “चाचा, मासळी ओट्यावर? घरभर वास सुटेल. भाजीला सुरी आहे. मासळी अम्मी कापतात, मागीलदारी.”

हलिमाबी मागीलदारी जमिनीवर पाय पसरून वाकड्या बसल्या होत्या, पुढ्यात सुरमई. गुडघे वळत नव्हते. उठायला सून लागायची.

“हे बघा तुमचं गिऱ्हाईक,” लक्ष्मी म्हणाली.

“म्हातारी कसली विळी घेते!” मी बोलून गेलो.

“म्हातारा तू!” हलिमाबी कडाडल्या. “बसायला नीट करून दे, मग बघ घेते की नाही.”

मी बाकड्याला पातं बसवलं. लक्ष्मीने हलिमाबींना भट्टीवर आणून त्यावर बसवलं. पाय लोंबकळले. “कापा बाकड्याचे खुंट,” लक्ष्मी म्हणाली. कापले. मग हलिमाबींनी तिथेच बांगडे साफ केले आणि कुणाचा हात न धरता उठल्या. लक्ष्मी पदराने तोंड पुसत राहिली. मलाही कित्येक दिवसांनी धड श्वास आला.

पुढे पार मालगुंडपासून बाया विळीसाठी यायला लागल्या. मुलाने बोलावणं सोडलं.

लक्ष्मी परवाच्या थंडीत गेली. खितपत पडली नाही. आदल्या सांजेला हलिमाबींशी सुनांवरून भांडून, हसून घरी आली होती. आपल्या घरात गेली, आपल्या माणसांत गेली. घर खायला उठतं, खोटं कशाला बोलू? पण भट्टी पेटवली की छाती जरा हलकी होते.