बासरीसाठी एक अर्ज

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. रेकॉर्ड रूममधल्या कागदांसारखे ते आपोआप साठतात. नष्ट करण्याची मुदत कधीच उलटून गेलेली असते, पण काडी लावायची हिंमत कोणाची होत नाही. मी जळगावच्या एका सरकारी कचेरीत क्लार्क होतो. रिटायर होताना माझं कपाट तपासून घेतलं, डोकं मात्र कोणी तपासलं नाही. त्यात आमच्या कचेरीचा वाद्यवृंद तसाच राहून गेला. मेहरूणला घरी एकटाच असतो. रेडिओशी किती बोलणार? म्हणून तुम्हाला सांगतो.

ऐंशी-ब्याऐंशीपासून दर दिवाळीत या वाद्यवृंदाचा कार्यक्रम व्हायचा. दिवाळीत म्हणजे भाऊबीजेनंतरच्या रविवारी, संध्याकाळी. भाऊबीजेपर्यंत निम्मे कलाकार बहिणींकडे आणि निम्मे सासुरवाडीला! एक हार्मोनियम, एक अॅकॉर्डियन, तबला, बोंगो आणि पाच तारांची गिटार. सहाव्या तारेचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "मागणी केली आहे."

प्रमुख होते सोनवणे आबा, मूळचे अमळनेरकडचे. दिवसभर रेकॉर्ड रूम सांभाळायचे, संध्याकाळी हार्मोनियम. धूळ दोन्हीतून उडायची.

मी काहीच वाजवत नव्हतो. मी ऐकायला जायचो. "यात खरे कष्ट श्रोत्यांचे," असं माझी बायको कमल म्हणायची. तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या दोन खुर्च्या आमच्या.

*

एका वर्षी नवे साहेब म्हणाले, "मीही गाईन." नाही कोण म्हणणार? तालमीत त्यांनी पहिली ओळ एका पट्टीत म्हटली, दुसरी भलत्याच. अॅकॉर्डियनवाले पाटील भाऊ घामाघूम!

साहेबांनी विचारलं, "आबा, माझी पट्टी नक्की कोणती?"

आबा म्हणाले, "साहेब, तुम्ही सुरू करा. आदेश येईल तसे आम्ही बदलत जाऊ!"

कार्यक्रमात साहेबांनी दोन कडव्यांत चार आदेश काढले. टाळ्या मात्र दणदणीत पडल्या. सगळ्यांचे गोपनीय अहवाल त्यांच्याच टेबलावर होते.

*

फर्माइशीची चिठ्ठी स्टेजवर पाठवायची पद्धत सगळीकडेच असते. आमच्याकडे तिचा अर्ज व्हायचा. आबा चिठ्ठीवर आवक क्रमांक टाकत, तारीख घालत, आणि गाणं झालं की "निकाली" असं लिहून अर्जदाराची सही घेत. झालं नाही तर "प्रलंबित", म्हणजे पुढच्या वर्षी. रेकॉर्ड रूमचा माणूस, कागद फाडणार कसा?

कमलनं पहिल्याच वर्षी एका जुन्या गाण्याची चिठ्ठी पाठवली. गाण्याची सुरुवात बासरीची. बासरीवाला आमच्याकडे नव्हता. चिठ्ठी शेरा घेऊन आबांच्या फाइलीत गेली, "बासरीवादक उपलब्ध नाही. प्रलंबित."

दुसऱ्या वर्षी तीच चिठ्ठी, तोच शेरा. तिसऱ्या वर्षी पाटील भाऊंनी बासरीचा तुकडा अॅकॉर्डियनवर काढायला घेतला. चार सूर झाले नाहीत तोच कमल जागेवरून म्हणाली, "भाऊ, थांबा! या बासरीला दमा आहे!"

हॉल हसला. पाटील भाऊ सगळ्यांत जास्त हसले. निघताना तिनं आबांनाही सोडलं नाही. "आबा, तुमच्याकडे अर्जाआधी अर्जदारच निकाली निघतो म्हणतात, ते खोटं नाही!"

"वहिनी, पुढच्या वर्षी नक्की," आबा म्हणाले.

*

एकदा धुळ्याच्या कर्मचाऱ्यांनी आम्हाला बोलावलं. हार्मोनियम एस.टी.च्या टपावर, आम्ही आत. पोचलो तर हॉलला कुलूप. किल्लीवाला दिवाळीला गावी गेलेला! श्रोते सात, त्यांतले दोघे किल्ली शोधायला गेले ते गेलेच.

कमलचं माहेर धुळ्याचं. "आलेच मी," म्हणाली, आणि अर्ध्या तासात काका, माम्या, शेजारीपाजारी अशी तीसेक माणसं सतरंज्यांसकट घेऊन आली. कार्यक्रम हॉलबाहेरच्या ओट्यावर झाला. तिची म्हातारी आत्या चार गाणी झाल्यावर आबांना अहिराणीत म्हणाली, "बठ्ठं झकास शे भाऊ, पन गानं कव्हय सुरू व्हई?"

परतीच्या एस.टी.त आबा तोंड पाडून भुसावळची केळी खात होते. कमल मात्र जळगाव येईपर्यंत हसत होती. ती तिची शेवटची दिवाळी.

*

पुढच्या दिवाळीत सहा घरांतून फराळ आला. मी सगळा चिवडा एकाच डब्यात ओतला. कोणत्या घरचा कोणता ते ओळखू येईना. शेंगदाणे सगळ्यांनीच जपून घातले होते.

रविवारी कार्यक्रमाला गेलो. नेहमीच्याच खुर्चीवर बसलो. दुःखी माणसाला लोक फार मान देतात, म्हणजे त्याच्या शेजारी बसत नाहीत. हॉल भरला, मागं लोक उभे राहिले, पण माझ्या बाजूची खुर्ची रिकामी. मध्यंतरात फराळ वाटणाऱ्यानं सवयीनं दोन पुड्या दिल्या. मीही घेतल्या.

कार्यक्रम संपल्यावर आबा खाली आले. हातात तीच जुनी चिठ्ठी, शेऱ्यांनी भरलेली.

"नाना, अर्जदार मयत असला की वारसाची नोंद लावतात. तुमचं नाव लावू?"

दिवाळीत मला जेवढी माणसं भेटून गेली, त्यांत धड बोलणारा हा एकटाच. मी म्हटलं, "लावा."

*

त्यानंतरच्या वर्षी पाटील भाऊंनी स्टेजवर चार हॅलोजन लावले आणि ऐन गाण्यात हॉलचा फ्यूज उडाला. माइक गेला, दिवे गेले. आमच्या शेजारणीचे भाऊ तायडे भाऊबीजेला आले होते, तेही ऐकायला बसलेले. नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात. कोणीतरी ओरडलं, "तायडे, वीज तुमच्याकडेच तयार होते ना?"

"होते, पण मी रजेवर आहे!"

हशा झाला. मग अंधारात तायड्यांनी पिशवीतून बासरी काढली आणि फ्यूज बसेपर्यंत वाजवत राहिले. दिवे आले तेव्हा आबा त्यांच्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

मी नजर वळवली. तोवर मी रिटायर झालो होतो. कचेरीत ज्याचं काम अडलेलं असतं त्याला "का आलात?" असं कोणी विचारत नाही. चिठ्ठी प्रलंबित होती तोवर दिवाळीत मला जायला एक ठिकाण होतं.

*

पुढच्या दिवाळीत तायडे स्टेजवर होते. आबांनी माइकवर आवक क्रमांक वाचला, पहिल्या अर्जाची तारीख वाचली, कमलचं नाव वाचलं. बासरी सुरू झाली.

गाणं पूर्ण झालं. कुठेही चुकलं नाही. पाटील भाऊंनी तर अॅकॉर्डियन मांडीवर मिटून ठेवला होता आणि डोळे पुसत होते. मी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं नाही.

आबा चिठ्ठी घेऊन खाली आले. शेवटच्या कोपऱ्यात "निकाली" एवढं लिहून आणलेलं. "नाना, वारस म्हणून सही करा."

मी त्यांच्याकडून पेन घेतलं, "निकाली" वर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, "अर्जदार गैरहजर. पुढील तारीख द्यावी."

आबांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. मग माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले, माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्याखाली लिहिलं, "प्रलंबित."