दुधाच्या चार पिशव्या

दसऱ्याच्या दुपारी आमची गाडी उड्डाणपुलाच्या चढावर गचके द्यायला लागली आणि मी तिथल्या तिथे पेट्रोल पंपवाल्याला गुन्हेगार ठरवून टाकलं.

मला तशी सवय आहे. शहराची हवा सुधारावी म्हणून आम्ही दहा-बारा जण एस्प्लनेडच्या फुटपाथवर पत्रकं वाटतो. ती मी लिहिते, बंगालीत. पत्रकात 'कदाचित' हा शब्द चालत नाही. दोषी पहिल्या ओळीत आला पाहिजे आणि मागणी शेवटच्या ओळीत. आम्ही नुकतीच टाकी भरून निघालो होतो, म्हणजे पेट्रोलात भेसळ. विषय संपला.

"अगं, तो समोरचा नारिंगी दिवा उघडझाप करतोय," आई मागच्या सीटवरून म्हणाली. "आणि पेट्रोलचा वास येतोय."

"येणारच. भेसळ आहे ना."

आई मागे बसते. बाबा गेल्यापासून ती पुढे बसलेली नाही. मी चालवते, माझ्या शेजारची सीट रिकामी असते आणि आई मागे डावीकडे, माझ्या लहानपणीच्या जागेवर. "मी काय तुझी ड्रायव्हर आहे का?" असं एकदा चिडून विचारलं होतं. "हो," ती म्हणाली, "आणि ब्रेक जरा हळू दाब."

आपट्याऐवजी कांचनाची पानं सोनं म्हणून द्यायला एका मराठी कुटुंबाकडे निघालो होतो, ते राहिलं. गाडी खोकत खोकत घरी आणली. त्याच दिवशी बसून मी भेसळीच्या पेट्रोलवर खरमरीत पत्रक लिहून काढलं. गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचं गॅरेज मात्र दुर्गापूजेसाठी बंद होतं आणि कोजागरीची लक्ष्मीपूजा झाल्याशिवाय उघडणार नव्हतं.

त्या सगळ्या दिवसांत आई रोज दुपारी खाली जायची, बंद गाडीत मागच्या सीटवर बसायची, दार लावून घ्यायची आणि साताऱ्याच्या मावशीला फोन करायची. गाडी बिघडण्याआधीही ती हेच करायची. वर आमच्या खोलीत फोनला चांगली रेंज आहे. पंखा आहे. खाली डास आहेत.

ही गाडी म्हणजे काय, ते सांगायला हवं. बाबा रेल्वेत होते. गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये मी वाढले. शाळेत बंगाली आणि इंग्रजी, बाजारात हिंदी, मैदानात सगळ्याचा काला. आईने मराठीत विचारावं आणि मी बंगालीत उत्तर द्यावं, असं चाललं होतं. मी बारा वर्षांची असताना बाबांनी ही गाडी घेतली आणि शोरूममधून बाहेर पडतानाच कायदा केला: दारं लागली की फक्त मराठी. ब्रेक, क्लच, गिअर माफ. बाकी जो दुसऱ्या भाषेतला शब्द बोलेल, त्याने पुढच्या टपरीवर उतरून सगळ्यांसाठी चहा आणायचा.

रविवारी आम्ही बजबजच्या रस्त्याने नदीकाठी जायचो. मी जाताना चारदा तरी पकडली जायचे. पण टपरी जवळ आली आणि बाबांना तलफ आली की ते अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "आज आकाश खूब शुंदोर आहे."

"बाबा!"

"अरेरे. चुकलो. आता उतरणं आलं."

"नाटकं पुरे," आई म्हणायची, "आणि बिस्किटंही आणा."

दोन हिवाळ्यांपूर्वी बाबा गेले. क्वार्टर सोडलं, बेहालात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सगळे आईला म्हणाले, परत जा, इथे तुझं कोण आहे? मी होते. म्हणून ती राहिली. तिला मराठी बोलायला उरली ती मी, आणि मी दिवसभर घराबाहेर. मला आज बाबांचा आवाज नीट आठवायचा असेल तर गाडीतच जाऊन बसावं लागतं. आईने तो शोध माझ्या आधी लावला होता, एवढंच.

आणि मी? 'धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्या रस्त्यावरून हटवा' ही माझ्या पत्रकातली कायमची मागणी. आमच्या गाडीची पंधरा वर्षांची सरकारी मुदत संपायला जेमतेम सव्वा वर्ष उरलं होतं. आईला बंगाली वाचता येत नाही, याचं मला मनातून बरं वाटायचं. मात्र पूजेच्या आधीच मी तिला ऐकवलं होतं, की आता मोठं काम निघालं तर पैसे घालायचे नाहीत, गाडी भंगारात द्यायची. गाडी गचके द्यायला लागल्यावर तिने रोज एकदा विचारलं, "मोठं काम असेल का गं?"

गॅरेज उघडलं त्या सकाळी गाडी घेऊन गेलो. आई आलीच, आणि मिस्त्रीने बॉनेट उघडलं तरी मागच्या सीटवरून उतरली नाही. तारातलाच्या पुलाखालचा हा म्हातारा मिस्त्री पहिल्यापासून आमची गाडी बघतो. बॉनेटवरचं हळदकुंकू पाहून तो हिंदीत म्हणाला, "दीदी, तुमचं सगळंच उलटं. यंत्राची पूजा विश्वकर्मापूजेच्या दिवशी करायची. तुम्ही करता ती सगळं शहर देवी बुडवायला निघतं तेव्हा."

मी भेसळीवर बोलायला लागले.

"आधी बघू द्या. भाषण नंतर."

त्याने कॉम्प्युटरची वायर जोडली. दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नव्हती. गाडी चारऐवजी तीनवर चालली होती आणि त्या बंद सिलिंडरचं न जळलेलं पेट्रोल तसंच मागून हवेत जात होतं. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर ठिणगीसाठी एक कॉइल असते, वितीएवढा काळा दांडा. त्याने दोनवरची कॉइल उपसून तीनवर बसवली आणि तीनवरची दोनवर. पुन्हा गाडी सुरू केली. आता यंत्र म्हणालं, बिघाड तीनमध्ये. म्हणजे कॉइलच मेली होती. पेट्रोल निर्दोष.

"बदलायची," तो म्हणाला. "खरं तर चारही बदला."

झालं. मला तेवढंच पुरे होतं. "एक मेली तर चार कशाला? हेच तुमचं! चांगला भाग फेकायचा, गिऱ्हाइकाला घाबरवायचं, आणि..."

"झालं ओरडून?" त्याने माझ्या हातात टॉर्च दिला. "या भोकात बघा."

जिथून कॉइल काढली होती, त्या खोल भोकाच्या तळाशी, प्लगभोवती, पाणी होतं. बाजूला गंजाचं तांबूस कडं.

"इंजिनवर पाणी कोणी मारलं?"

मी मारलं होतं. दसऱ्याला सकाळी बाबा स्वतः गाडी धुवायचे, बॉनेट उघडून इंजिनसुद्धा. मग हार, नारळ. गेल्या दसऱ्याला कोणी गाडी धुतलीच नव्हती, यंदा मी सगळं त्यांच्यासारखंच केलं होतं. नळीसुद्धा त्यांचीच.

"बाबा पण धुवायचे," मी म्हटलं. माझा आवाज एस्प्लनेडवरचा राहिला नव्हता.

"धुवायचे. मी ओरडायचो. पण ते निदान टोप्या घालायचे."

"कसल्या टोप्या?"

"दुधाच्या पिशव्या. कापून, उलट्या करून, एकेका कॉइलच्या डोक्यावर एकेक आणि वरून रबर. मला दाखवायला आले होते. मी म्हटलं, साहेब, आता बाळांना स्वेटर पण विणा."

तो हसला. मला हसता आलं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी डिकी साफ केली होती. स्टेपनीखाली एक कापडी पिशवी होती, आणि तिच्यात दुधाच्या चार कळकट पिशव्या, रबरांसकट. "बघ," मी आईला सुनावलं होतं, "आपल्याच घरात हे प्लॅस्टिक! लोकांना काय सांगायचं मी?" आई म्हणाली होती, "राहू दे ना, त्यांनी ठेवल्यात." मी अजून दोन वाक्यं ऐकवली आणि चारही पिशव्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. चार पिशव्या, चार कॉइल. मोजायचं सुचलं नाही. पत्रकवालीने फक्त प्लॅस्टिक पाहिलं.

त्या क्षणी मला दुसरं काही नको होतं, फक्त त्या पिशव्या परत हव्या होत्या. धुतल्यावरही त्यांना दुधाचा जरासा आंबूस वास असणार. रबराला गाठ मारायची बाबांची पद्धत असणार. मी वासही घेतला नव्हता.

मी गाडीत जाऊन स्टिअरिंगशी बसले. दार लावलं.

"मोठं काम आहे?" आईने विचारलं.

सगळं सांगितलं. पाणी, टोप्या, कचऱ्याची गाडी. ती म्हणाली, "दर दसऱ्याला चार पिशव्या मागायचे धुवून. कशाला ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, असेल काहीतरी त्यांचं."

मग मी पत्रकाचंही सांगितलं. मराठीत सांगताना शब्द अडले. "जुन्या गाड्या, ज्या धूर... धूर सोडतात, म्हणजे..."

"ओकतात," आई म्हणाली.

"हो. त्या रस्त्यावरून काढा, असं मी लिहिते. इतकी वर्षं."

"खरं आहे का ते?"

"खरं आहे."

"मग आपल्या गाडीला सूट का?" तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "धूर बंद होत असेल तर बंद कर. मुदत आहे तोवर चालवू. मुदत संपली की मी स्वतः उतरेन. तुला मला उतरवावं लागणार नाही. पण त्याआधी नको गं."

इतक्या वर्षांत माझ्यापुढे कोणी इतकी स्पष्ट मागणी ठेवली नव्हती. शेवटच्या ओळीत.

उरला प्रश्न एक की चार. मिस्त्री म्हणाला, बाकीच्या तीन आज ठणठणीत आहेत. पाणी त्यांच्याही कडेला गेलंय, दोन वर्षं चालतील किंवा पंधरा दिवसांत बसतील, सांगता येत नाही. चारही बदलणं शहाणपणाचं. मी म्हटलं, एकच बदला, बाकीच्या पुसून, सुकवून परत बसवा. कारण विचारलं असतं तर चालता भाग फेकणं कसं चूक आहे यावर मी पानभर लिहून दिलं असतं. खरं कारण वेगळं होतं. त्या तिघींना बाबांनी दर दसऱ्याला टोप्या घातल्या होत्या.

"परत बंद पडून आलात तर मी हसणार," मिस्त्री म्हणाला.

"हसा, दादा."

मेलेली कॉइल मी मागून घेतली. घरी भेसळीच्या पत्रकाचा मसुदा फाडला.

दोन दिवसांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत दुधाची एक पिशवी चिमट्याला वाळत लावलेली दिसली. पुढच्या आठवड्यात दुसरी. मी प्लॅस्टिकवर एक अक्षर बोलले नाही. आता या गाडीचा एकच दसरा उरलाय.

रविवारी बजबजच्या रस्त्याला लागलो. चढावर गाडीने गचका दिला नाही, दिवा लागला नाही, वास नाही. शेजारची सीट रिकामीच. नदी दिसायला लागली आणि ती जुनी टपरी जवळ आली. मी बाबांच्या त्या वाक्याची वाट बघत होते, ते येणार नाही हे माहीत असूनही.

"थामो," आई म्हणाली.

मी ब्रेक दाबला. "आई!"

"चुकलं," ती अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "आता उतरणं आलं."

ती उतरली. दोन हातांत मातीचे दोन कप घेऊन आली. मी वाकून पुढचं दार उघडलं. तिने दोन्ही कप माझ्या हातात दिले, पुढचं दार हलकेच लावलं आणि मागे जाऊन बसली. मी तिचा कप मागे दिला.

"बिस्किटं विसरलीस."

"मग तू बोल ना काहीतरी चुकीचं," आई म्हणाली. "आणि तू उतर."

मी दिवसभर बंगालीत बोलते, बंगालीत भांडते, बंगालीत लिहिते. तिथे त्या गाडीत, चहा निवत असताना, मला एकही शब्द आठवेना.