हाफक्लचचा पाय

शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवता येते ती हाफक्लचमुळे, आणि उरलेल्या निम्म्यांना येत नाही तीही त्याच्यामुळेच, असं त्याचा मेहुणा म्हणायचा. मेहुण्याला स्वतःला येत नव्हती.

हाफक्लच हे त्याला शहराने ठेवलेलं नाव; तो एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. छोटी पांढरी गाडी, सीटच्या कव्हरला घामाचा वास, आणि शेजारी बसलेला हा, डोळे अर्धे मिटून, आवाज मात्र पूर्ण उघडा. "सोड... सोड... हळू सोड... अरे सोड म्हणजे टाकून देऊ नकोस, क्लच आहे तो, संसार नाही. हां. आता हाफ. हाफ क्लच. हाफ. हा... गेली बंद." मग लांब श्वास. "काही हरकत नाही. मागचे हॉर्न वाजवताहेत ते आपल्या आनंदात वाजवताहेत असं समजायचं. परत लाव."

त्याच्या बाजूला, त्याच्या पायाखाली, एक जादा ब्रेक होता. इतकी वर्षं तो दाबून दाबून त्याचा उजवा पाय जवळजवळ स्वतंत्र झाला होता. मालकाला न विचारता काम करायचा. टीव्हीत गाड्यांचा पाठलाग लागला की सोफ्याखालची चटई पुढे सरकायची आणि स्वयंपाकघरातून बायको म्हणायची, "अहो, ती गाडी आपली नाही." झोपेतही पाय चालायचा. सकाळी ती चहाचा कप ठेवत सांगायची, "काल मला दोनदा अपघातातून वाचवलंत. पोटरीवर वळ आहे बघा."

असा हा माणूस रविवारी मात्र गप्प असायचा, कारण रविवारी तो मासे धरायला जायचा. आठवडाभर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि जीव ह्याचा मुठीत. रविवारची काठी तेवढी त्याच्या स्वतःच्या हातात. हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण शनिवारी संध्याकाळपासून त्याचा चेहरा सुट्टी लागलेल्या शाळेसारखा व्हायचा.

जागा होती खासगी बोटी बांधायच्या बंदरातली, मरिनातली. तिथे दोन लाकडी धक्के समोरासमोर पाण्यात गेलेले होते. डावीकडचा सार्वजनिक, कुणीही यावं, बसावं, गळ टाकावा. उजवीकडचा खासगी. मध्ये पाण्याची गल्ली, तिच्यातून बोटी आत येऊन आपापल्या जागी लागायच्या. आतल्या टोकाला दोन्ही धक्के घोड्याच्या नालेसारखे जोडलेले, आणि जोडावर रंगवलेला पिवळा पट्टा. पट्ट्याच्या अलीकडे जनता, पलीकडे दुर्बीण.

दुर्बीण म्हणजे त्या खासगी धक्क्याची मालकीण. पांढरे कापलेले केस, गळ्यात खरोखरीची दुर्बीण, आणि कधीच कुठे न जाणाऱ्या बोटीच्या मागच्या भागात टाकलेली खुर्ची. रविवारभर ती तिथे बसून ह्या लोकांकडे बघायची. बोलायची नाही. बघायची.

एकदा कुणाचा तरी गळ तिच्या बोटीच्या ताडपत्रीत अडकला. तो शहाणा सरळ पट्टा ओलांडून गेला, बुटांसकट फळ्यांवर चढला आणि गळाबरोबर हातभर ताडपत्री घेऊन आला. तक्रार झाली. मरिनाच्या व्यवस्थापकाने सांगितलं की महिनाअखेरपर्यंत बघू, पुन्हा एक जरी पाय पट्ट्यापलीकडे पडल्याची तक्रार आली, तर सार्वजनिक धक्क्याचं फाटक मासेवाल्यांना कायमचं बंद. फाटकाला नवं कुलूपही आणून अडकवलं, उघडंच.

"माझ्याच दुकानातलं आहे," मेहुणा म्हणाला. त्याचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं. "एकदा लागलं की लागलं, भावोजी. माल चांगला दिलाय मी."

"थोडा वाईट दिला असतास तर बिघडलं असतं का रे?"

सगळ्यांच्या वतीने शब्द दिला होता हाफक्लचने. आणि शब्द दिल्यावर त्याने रविवारचीही शाळा करून टाकली. "पाणी सगळ्यांचं, फळ्या मालकाच्या. बोटीच्या दिशेने गळ फेकायचा नाही. फेकण्याआधी मागे बघायचं, आरसा नाही म्हणून काय झालं, मान आहे ना? आणि बोट गल्लीत वळली की मी ओरडणार, गळ वर. ओरडलो की वर. मासा लागलेला असला तरी वर, नाहीतर दोरी कापायची. पंख्यात दोरी गेली तर बोट तिथेच बसेल." स्वतः तो पट्ट्याला खेटून कोपऱ्यात उभा राहायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला तिथे उभं राहायचा मोह नको.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. फाटकावर नेहमीचा पहारेकरी होता. त्याला सगळे परिपत्रक म्हणायचे, कारण तो नोटीस बोर्डासारखा बोलायचा. "सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी," तो म्हणाला, "आज अखेरचा दिवस आहे."

"तुझा की आमचा?" मेहुण्याने विचारलं.

"उभयतांचा," परिपत्रक म्हणाला आणि शिट्टी पुसून खिशात ठेवली.

सकाळ तशी मिळमिळीतच गेली. बोटाएवढे मासे लागत होते, सोडून दिले जात होते. मेहुण्याला एक प्लास्टिकची पिशवी लागली, तिच्याशी तो बराच वेळ झुंजला. आणि तेवढ्यात हाफक्लचची काठी अशी वाकली की तिचा शेंडा पाण्यात बुडाला.

"लागला," तो पुटपुटला. नंतर एकदम वर्गातल्या आवाजात, "लागला रे, लागला. मोठा आहे. हे छोटं नाही."

रिळातून दोरी सरसरत सुटली. धक्क्यावरच्या सगळ्यांनी आपापल्या दोऱ्या गुंडाळून काठ्या खाली ठेवल्या आणि त्याच्याभोवती कोंडाळं केलं. मासा गल्लीतून तिरका पलीकडे धावला, खासगी धक्क्याच्या बाहेरच्या टोकाकडे, खांबांच्या दिशेने.

"सोड, सोड, हळू सोड," मेहुणा त्याच्याच आवाजात त्याला शिकवू लागला. "हाफ, भावोजी, हाफ."

"गप रे. हां... ये बाळा... गियर बदल..." हाफक्लच माशाशी बोलत होता. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो चक्क हसत होता. इतक्या वर्षांत त्याच्या काठीला असं काही लागलंच नव्हतं.

आणि गल्लीच्या तोंडाशी बोट आली.

त्याने ती सगळ्यांच्या आधी पाहिली, धंद्याची सवय. नवखा चालक, वळण उशिरा घेतलेलं, दोन्ही हातांनी चाक आवळून धरलेलं. शिकाऊ. आणि त्याच्या काठीपासून माशापर्यंतची दोरी गल्लीच्या बरोबर आडवी ताणलेली.

"गळ वर!" हाफक्लच ओरडला.

सगळ्यांच्या दोऱ्या आधीच पाण्याबाहेर होत्या. सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

"भावोजी," मेहुणा हळूच म्हणाला, "तुमची तेवढी राहिली."

बोट थांबेना. चालकाला थांबवताच येत नव्हती, ते हाफक्लचइतकं कुणाला कळणार. नियम त्याचाच होता. काठीच्या टोकाला तो मासा धडका मारत होता, त्या धडका त्याला खांद्यापर्यंत जाणवत होत्या. त्याने दात आवळले. "कात्री दे."

मेहुण्याने खिशातून कात्री काढली. हाफक्लचने ती दोरीला लावली. त्याच क्षणी बोटीचं नाक आणखी पुढे आलं, आणि उजवा पाय उठला, कुणाला न विचारता, आणि जीव खाऊन ब्रेकवर पडला.

ब्रेक नव्हता. पिवळ्या पट्ट्यापलीकडची फळी होती. ठक्क असा आवाज झाला.

शिट्टी वाजली. परिपत्रक फाटकापासून धावत निघाला. "सदर इसमाचा पाय! सदर इसमाचा उजवा पाय!"

धक्क्यावर कुणी हललं नाही. मेहुण्याने फाटकावरच्या कुलपाकडे पाहिलं, जणू आत्ताच मिटल्याचा आवाज येईल. हाफक्लच आपल्या पायाकडे बघत होता, शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे बघावं तसा.

पलीकडे खुर्ची सरकली. दुर्बीण उभी राहिली होती. महिनाभरात पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकू आला, आणि तो घोगरा, खणखणीत निघाला.

"कापू नका हो. अक्कल आहे का? या इकडे."

"अं?"

"इकडे या, फळ्यांवर. टोकापर्यंत चालत या, दोरी गुंडाळत. म्हणजे गल्ली मोकळी होईल. आटपा, ती बोट काही तुमच्यासाठी थांबत नाही."

हाफक्लच वळला, थबकला. "बूट?"

"काढा आधी!"

त्याने टाचेने टाच रेटून बूट पट्ट्याच्या अलीकडे टाकले आणि निघाला. एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला, काठी आभाळाकडे, रीळ गर्रगर्र फिरतंय, आणि दुर्बीण बोटीवरून उतरून शेजारून चालतेय. "काठी वर. वर म्हटलं ना. आता घाई नको. खांबापासून लांब ठेवा. डावीकडे... डावं कुठलं कळतं ना?"

सगळ्या शहराला डावं-उजवं शिकवलेला माणूस म्हणाला, "हो बाई."

शिकाऊ बोट मोकळ्या गल्लीतून वेडीवाकडी आत गेली. तिच्या चालकाला काय झालं आणि काय होणार होतं, काहीच कळलं नाही. त्याने कोंडाळ्याकडे बघून हात हलवला.

टोकाला जाऊन हाफक्लचने मासा तीनदा जवळ आणला आणि तीनदा तो खाली गेला. दुर्बीण पोटावर आडवी झाली, लांब दांड्याची जाळी पाण्यात घातली. ती जाळी तिने उडालेल्या टोप्या काढायला ठेवली होती. "आता. आता आणा. हळू... हळू... घेतला."

मासा फळ्यांवर आला. हाफक्लचच्या मांडीएवढा, चंदेरी, शेपटीने टाळ्या पिटणारा. पलीकडून असा कल्ला उठला की बगळे उडाले. हाफक्लच फळ्यांवर बसला आणि हसू लागला, थांबताच येईना. दुर्बीणही हसत होती, बाहीतून पाणी गळत होतं.

"महिनाभर बघतेय तुम्हाला," ती म्हणाली. "एकालाही धड ओढता येत नाही. कितीदा वाटलं, सांगावं. पण तुमच्याकडे पट्टा आहे ना. मीही पलीकडे यायची नाही."

परिपत्रक पट्ट्याशी धापा टाकत उभा होता. पट्टा त्यानेही ओलांडला नव्हता. "बाई, नोंदीसाठी विचारतो. परवानगी आधी, की पाय आधी?"

पलीकडचा कल्ला थांबला. मेहुण्याने दोन्ही हात जोडून, मान हलवून, डोळ्यांनी, जमेल तितक्या अवयवांनी भावोजींना खुणावलं.

"पाय आधी," हाफक्लच म्हणाला. "माझ्याकडून पडला. परवानगी नंतर मिळाली."

मेहुण्याने डोळे मिटले.

"तक्रार कुणाची लागते?" दुर्बिणीने विचारलं.

"मालकाची, बाई. मालकाची किंवा मालकिणीची."

"मग मालकीण सांगते, तक्रार नाही. सदर पाय माझा पाहुणा होता." ती हाफक्लचकडे वळली. "पण एक आहे. यापुढे गळ वर मी ओरडणार. मला इथून बोट तुमच्या आधी दिसते. तुम्ही ओरडेपर्यंत ती गल्लीत आलेली असते."

हाफक्लचचं हसू जरा आखडलं. ओरडणं त्याचं होतं, त्याच्या हक्काचं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणी त्याला म्हणालं असतं की आजपासून ब्रेक दुसऱ्याच्या पायाखाली, तर त्याने नोकरी सोडली असती. त्याने पलीकडे पाहिलं. काठ्या उचलून सगळे पुन्हा आपापल्या जागी उभे राहत होते. फाटकावर कुलूप उघडंच लोंबत होतं.

"ओरडा," तो म्हणाला. "पण वेळेवर. फार आधीही नको, लोक गोंधळतात."

"शिकवू नका."

मासा मधोमध कापला गेला, शेपटीकडचा भाग दुर्बिणीचा. उरलेला पिशवीत घेऊन हाफक्लच मोज्यांवर परत निघाला. पट्ट्याशी पोचून तो थांबला. बूट पलीकडे, मेहुण्याच्या ताब्यात.

"येऊ का?" त्याने विचारलं.

"आरसा बघून या," मेहुणा म्हणाला.

तेवढ्यात मागून घोगरा आवाज कडाडला, "गळ वर!" दूर, गल्लीपासून कितीतरी दूर, एक बोट नुसती दिसत होती. सगळ्यांच्या काठ्या तरीही वर गेल्या, आणि हाफक्लचचा उजवा पाय खाली.