कॅमेऱ्याला लावलेलं कुंकू

दत्तात्रेय प्रधानांनी आयुष्यात एकच नारळ एका फटक्यात फोडला, आणि तो नेमका नको तिथे. मकरपुऱ्यातल्या मलमाच्या कारखान्यात हिशेब सांभाळणाऱ्या या सज्जन गृहस्थाच्या हातचा नारळ एरवी दुसऱ्या कुणीतरी काढून घेतल्याशिवाय फुटत नसे. पण दोन हजार दहाच्या खंडेनवमीला त्यांनी दातओठ खाऊन तो टेबलाच्या कडेवर आपटला, त्याची दोन शकलं झाली, आणि आतलं सगळं पाणी शेजारी ठेवलेल्या, कारखान्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात गेलं. यंत्राने चर्र केलं. पडदा काळा.

"दत्तूभाऊ, पूजा करा म्हटलं होतं, अभिषेक नव्हे!" अहल्याताई म्हणाल्या आणि पेढ्यांचं ताट घेऊन हसत हसत पॅकिंगकडे निघून गेल्या.

कॅमेऱ्याच्या यंत्राला कुंकू लावायची कल्पना त्यांचीच. अहल्या शिर्के ही बाई पॅकिंगची मुख्य. खापरपणजोबा संस्थानच्या महाराज सरकारांच्या फौजेत होते, त्यांची तलवार घरी अजून आहे. खंडेनवमीला सकाळी घरी तिची पूजा करायची आणि मग कारखान्यात येऊन ट्यूब भरायच्या यंत्रापासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लावायचं, हा त्यांचा नेम. आवाज असा की पॅकिंगमध्ये "अगं ए!" म्हणाल्या की फाटकावरचा वॉचमनही उठून उभा राही. मोठे गुजराती साहेब मधे आले तर "साहेब, जरा खसा ने," म्हणून त्यांनाही बाजूला सारत. तीन वर्षांपूर्वी कॅमेरे बसले तेव्हा इतर बायका धुसफुसल्या. अहल्याताई म्हणाल्या, "अगं, तोही नोकरीच करतो बिचारा. आपण जेवायला तरी जातो, तो डोळासुद्धा मिटत नाही. त्यालाही कुंकू लावा." तेव्हापासून खंडेनवमीला एरवी बंद असणारी कॅमेऱ्याची खोली सगळ्यांना उघडी असायची. प्रसाद घ्यायला कुणीही यावं.

तर त्या उघड्या खोलीत दहाबारा माणसं उभी, आणि यंत्र मुकं. सुरक्षेचा प्रमुख प्रतापसिंह पुढे झाला. हा घरातसुद्धा काळा चष्मा घालणारा इसम. पण अहल्याताईंच्या डब्यातली पुरणपोळी बघताना तो चष्मा कपाळावर जात असे. त्याने यंत्र पुसलं, पंख्याखाली धरलं, पुन्हा चालू केलं. पडदा उजळला. जुनं चित्रण शाबूत आहे का बघायला त्याने हाताला लागेल ते उघडलं.

आदल्या दुपारची मालाची खोली. खोक्यांच्या आडोशाला अहल्याताई. पॅकिंगमध्ये सक्तीची असलेली कापडी टोपी त्यांनी काढली. मग केसही काढले. ढकलगाडीच्या दांडीला अडकवले, आणि पुठ्ठ्याने आपल्या टकलावर वारा घेत बसल्या.

त्या सहा महिने लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, असं सगळ्यांना माहीत होतं. बाळ कुणी पाहिलं नव्हतं. कर्करोगाचे उपचार घेऊन त्या केसांचा टोप लावून परतल्या होत्या, आणि वर ती टोपी, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. दत्तात्रेयांच्या खांद्याला एक कोपर लागलं. त्यांनी मान वळवली. प्रतापसिंहाच्या हातात मोबाइल होता, पडद्यासमोर नीट धरलेला.

दत्तात्रेयांच्या हातात नारळाची वाटी होती, ती त्यांनी दुसऱ्या हातात घेतली, एवढंच.

संध्याकाळी फाटकाबाहेर खमण खाताना त्यांचा मोबाइल वाजला. तेव्हा असली चित्रं ब्लूटूथवरून या खिशातून त्या खिशात उड्या मारत. 'टकली हिरोइन', असं नाव होतं. त्यांनी उघडलं, आणि खरं सांगायचं तर ओठांच्या कोपऱ्यात हसू आलंही. पण चित्र पुढे चालूच होतं. अहल्याताईंनी पदराआडून छोटा आरसा काढला, टोप दोन्ही हातांनी उचलला, झोपेतल्या तान्ह्या मुलाला कुंची घालावी तसा अलगद डोक्यावर बसवला आणि आरशात बघून स्वतःशीच मान हलवली. दत्तात्रेयांनी हातातला खमणाचा तुकडा कागदावर परत ठेवला. गल्लीतली गटार तुंबल्यावर येतो तसा वास त्यांना आपल्याच हाताला आला. शेजारी चौघे चटणी बोटाने चाटत, तेच चित्र पुन्हा पुन्हा लावून फिदीफिदी हसत होते. त्याच माणसांनी सकाळी अहल्याताईंच्या हातचे पेढे खाल्ले होते. प्रतापसिंहाने तर दोन.

दसऱ्याच्या सुट्टीत ते चित्र फिरत फिरत अहल्याताईंपर्यंतही पोचलं. सुट्टी संपली. अहल्याताई स्कूटीवरून आल्या त्या उघड्या डोक्याने. फाटकात गाडी लावली आणि म्हणाल्या, "बघून घ्या. मोबाइलची बॅटरी कशाला जाळता?" कुणी बघेना. मग त्या पॅकिंगमध्ये गेल्या, टोपी चढवली, दिवसभर काम केलं आणि सुटल्यावर ठाण्यात जाऊन तक्रार देऊन आल्या.

आता साहेबांची पळापळ. त्यांनी दत्तात्रेयांना बोलावलं. "दत्तुभाई, तमे समजावो ने त्यांना. तुमच्या मराठी माणसांतलं आहे. कॅमेरा कंपनीचा, खोली कंपनीची. तिथे टोप काढून बसा असं आम्ही सांगितलं होतं? प्रतापसिंह माफी मागेल. ही वात, हे प्रकरण इथेच मिटवून टाका."

प्रतापसिंहानेही लीला म्हणजे हिरव्या, तेलकट चिवड्याचा पुडा दिला. "ताईंना द्या माझ्याकडून. गंमत होती हो नुसती." चष्मा डोळ्यांवरच होता.

तो पुडा घेऊन दत्तात्रेय प्रतापनगरला रेल्वेच्या क्वार्टरांत गेले. अहल्याताईंचे यजमान वर्कशॉपमध्ये, पाळीवर होते. अहल्याताईंनी डोक्याला काही न गुंडाळता दार उघडलं, "बेसा" म्हणाल्या, चहा टाकला. दत्तात्रेयांनी साहेबांचं म्हणणं जसंच्या तसं ओकून टाकलं.

"झालं?" अहल्याताई म्हणाल्या. "आता मी ज्यांना विचारून आले त्या वकीलबाईंचं ऐका. कॅमेरा कंपनीचा, कबूल. पण नोकरीपायी ज्याच्या ताब्यात चित्रण विश्वासाने दिलंय, त्याने ते दुसऱ्याला त्रास होणार हे ठाऊक असून बाहेर काढलं तर कायद्यात तुरुंग आहे. तीन वर्षांपर्यंत. आणि खोली सताड उघडी का ठेवली, याचं उत्तर कंपनीनेही द्यायचं."

"मग प्रश्नच मिटला," दत्तात्रेय घाईने म्हणाले.

"कसा मिटेल? प्रतापसिंह म्हणतो, मी काढलंच नाही. चित्र पडद्यावरून काढलंय, यंत्रात त्याची खूण नाही. कुणीतरी डोळ्यांनी पाहिलंय असं सांगायला पाहिजे. बाकीच्यांना विचारलं. सगळे म्हणतात, आम्ही नारळाकडे बघत होतो. काय नारळ होता हो तुमचा, दत्तूभाऊ! मला सहा महिने उलट्या झाल्या, दत्तूभाऊ, तेव्हाही तोंडाला अशी चव नव्हती. आणि साक्षीदार नसला तर तक्रार खोटी ठरवून मलाच काढतील, हे साहेबांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

सांगितलं नव्हतं. पण दत्तात्रेय काही बावळट नव्हते. चिवड्याचा पुडा त्यांच्या मांडीवर होता, तेल कागदातून पँटीला लागत होतं. खांद्यावर ते कोपर अजून टेकलेलं आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी तो खांदा झटकला.

"अहल्याताई," ते कपात बघत म्हणाले, "साहेबांशी रोजचा संबंध आहे. मुलीचं शिक्षण चालू आहे. माझ्या एकट्याच्या बोलण्याने काय होणार? माझ्याकडून नेमकं हवंय तरी काय तुम्हाला?"

"कप खाली ठेवा, चपला घाला आणि माझ्याबरोबर ठाण्यात चला."