तोंड आलं

"मुख... वरण," म्या वाचलं.

खोलीत हशा पिकला.

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला एक लहान खोली व्हती. एसीची. आमी पाचसहा बाया खुर्च्यांवर बसलो व्हतो, सगळ्या केमोवाल्या. ॲप काढणाऱ्या कंपनीची मॅडम आमच्या मोबाईलमधी ते ॲप घालून देत व्हती. केमो चालू असताना घरी आपली काळजी कशी घ्यायची, ते त्यात. जमतंय का बघायला ती एकेकीकडनं मोठ्यानं वाचून घेत व्हती. माझी पाळी आली. म्या वाचलं आन् मॅडम हसली. लॅपटॉप घेऊन बसलेला तिचा माणूस हसला. शेजारची वीग घातलेली बाई बी हसली.

"वरण नाही हो मावशी! जेवायला नाही बसलोय आपण. सो क्यूट!" मॅडम म्हणली. मग हसू दाबत, "अहो, मराठीच आहे ना? तुमचीच भाषा आहे."

मी बेचाळीसची. ती वीगवाली माझ्यापेक्षा थोराड. तिला ही 'मॅडम' म्हणत व्हती, मला 'मावशी'.

त्या शब्दाचा अर्थ काय, ते काय तिनं सांगितलं न्हाई. मला इचारायचं व्हतं. ओठांवर आलं व्हतं. पण पुन्हा हसतील. म्या फोन पदराखाली घातला.

आमचं गाव मार्गासनीच्या वरच्या अंगाला, डोंगरात. भाताची खाचरं हाईत. मालक टेम्पो चालवतात. मी वेल्ह्याच्या शाळेत दहावी झालेली. मराठीत मी कधी नापास झाले नव्हते.

छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, एक बाजू सपाट झाली. मग केमो. पहिल्या केमोला मालक संगं आले. दुसऱ्या येळेला म्हणले, "एसटी थेट स्वारगेटला जाती. तुला रस्ता ठाऊक झालाय आता."

डोक्यावरचे केस गेले आन् घरातली माणसं लांब सरकली. कुणी भांडलं न्हाई. कुणी वाईट शब्द काढला न्हाई. माझं ताट-तांब्या निराळं झालं. मालकांचं अंथरूण ओसरीवर गेलं. जाऊ तिच्या लेकीला माझ्याकडं येऊ देईना. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, ताट उंबऱ्यावर ठेवायच्या. ठेवलंय म्हणून सांगायच्या न्हाईत. नुसती कडी वाजवायच्या.

बोलायला कुणी न्हाई. मग ते ॲप.

घरात रेंज येत न्हाई. म्हणून रोज दुपारी वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढायचं. थांबत, धापा टाकत. तिथं फोन उघडला की अक्षरं यायची, 'नमस्कार! आज आपणास कसे वाटत आहे?'

पहिल्यांदा ते वाचलं आन् मला रडूच फुटलं. इतके दिवस हे कुणीच इचारलं नव्हतं. मी मोठ्यानं म्हणले, "बरं न्हाई वाटत." टाकीपाशी चिटपाखरू नव्हतं. आन् फोनला काय ऐकू येत नव्हतं. त्याला बटण दाबलेलं लागायचं. 'हो', न्हाईतर 'नाही'.

तिसऱ्या केमोनंतर माझं तोंड आलं. ओठाच्या आतनं, जिभेखालनं, पार घशापर्यंत. पाण्याचा घोट निखाऱ्यावाणी उतरायचा. मऊ भात बी जाईना. कडी वाजली की मी आतनं "नको" म्हणायचे, आन् तेवढं बी धड फुटायचं न्हाई. ताट तसंच माघारी जायचं. का जातंय, कुणी इचारलं न्हाई.

टाकीपाशी गेले. ॲपनं इचारलं, 'मुखव्रण आहेत का?'

तोच शब्द.

मी एकटीच बसून त्याचा अर्थ लावला. मुख म्हणजे मुखडा. देवाचं मुखदर्शन घेतो, ते. व्रण म्हणजे जखमेची खूण, गुडघा फुटल्यावर राहती तशी. म्या फोनच्या काचेत चेहरा बघितला. काळा पडला व्हता, भुवया गळल्या व्हत्या, पण खूण एक बी न्हाई. 'नाही' दाबलं.

काचेवर फुलं उडाली. 'अभिनंदन! आपली प्रगती उत्तम आहे.'

त्याच आठवड्यात ताप भरला. दात वाजायला लागले. मालक भाडं घेऊन साताऱ्याकडं गेले व्हते. त्यांना फोन लावायला मी टाकीपर्यंत गेले, बसत-उठत, मधी मधी हात टेकत.

"लई ताप हाय वो. तोंड आलंय. काय करू?"

"त्या ॲपवर टाक की. त्यासाठीच दिलंय ना त्यांनी?" मागं हॉर्न वाजत व्हते. फोन बंद झाला.

मी तिथंच बसून राहिले. खाली आमच्या घराची कौलं दिसत व्हती. अंगणात जाऊ धुणं वाळत घालत व्हती. तिला हाक मारली. माझी मला ऐकू आली न्हाई.

सकाळी दुधाच्या टेम्पोतनं मार्गासनीला उतरले आन् एसटी धरली. खिडकीच्या गजाला डोकं लावलं. माझं अंग भाजत व्हतं. शेजारच्या माणसानं माझ्या तोंडाकडं बघितलं आन् उठून मागच्या सीटवर गेला.

हॉस्पिटलात रक्त तपासलं. डॉक्टरनं माझा फोन हातात घेतला आन् भडकला. "पांढऱ्या पेशी किती खाली गेल्यात! जिवावर बेतलं असतं. ॲपमध्ये तर 'नाही' भरलंय तुम्ही. खोटं कशाला भरता?"

खोटं.

डॉक्टर गेल्यावर सलाईन लावणाऱ्या सिस्टरनं माझ्या तोंडात बॅटरी मारून बघितलं. "केवढे मुखव्रण झालेत हो," ती म्हणली.

"काय झालेत?"

"अहो, तोंड आलंय ना तुमचं? तेच."

मी पंख्याकडं बघत पडून राहिले. अंगात ताप व्हता, पण डोकं गार पडलं. तोंड आलंय. आमच्यातलं बारकं पोर बी हे सांगतं. हे शब्द काढून तिथं दुसरा कुणी घातला? कुणासाठी घातला? मला मराठी येत न्हाई म्हणून मी मरायला टेकले नव्हते. मला हसून गप बसवलं व्हतं, म्हणून टेकले व्हते.

घरी सोडायच्या दिवशी कंपनीची मॅडम वॉर्डात आली. संगं कॅमेरा.

"मावशी, किती इन्स्पायरिंग आहात तुम्ही! इतक्या लांबून, डोंगरातून ॲप वापरताय. कॅमेऱ्यात बघून एवढंच म्हणायचं, 'या ॲपमुळे मला कधी एकटं वाटलं नाही.' आणि तो स्कार्फ काढाल का डोक्याचा? जरा रिअल वाटेल."

लाईट लागला. डोळ्यांवर आला.

मी स्कार्फची गाठ आवळली. "न्हाई."

"बरं, स्कार्फ राहू दे."

"मी ते बोलणार बी न्हाई. खोटं हाय ते. तुमच्या ॲपनं मला तोंड आलंय का, हे इचारलंच न्हाई."

"अहो, विचारलंय की! मुखव्रण..."

"ते तुमी तुमच्यातल्या बाईला इचारलंय. मला न्हाई. आन् मला वाचता आलं न्हाई तवा तुमी हसलात. अर्थ सांगितला न्हाई."

जन्मात मी असं कुणाला बोलले नव्हते.

मॅडमनं ओठ दाबले. "चिडू नका, तब्येतीला चांगलं नाही," म्हणली. मग तिच्या माणसाकडं वळून हळू बोलली, "जाऊ दे. दुसऱ्या कुणाचं तरी घेऊ."

पलीकडच्या कॉटवरल्या बाईनं दिलं घेऊ. वाक्य नीट म्हणली, पहिल्या झटक्यात. दोन दिवस तिला भेटायला कुणी फिरकलं नव्हतं. मला एक बी बाई येऊन बोलली न्हाई. एसटीला मी एकटीच चालत गेले.

ॲपमधी तो शब्द अजून तसाच हाय. घरात बी काय बदललं न्हाई.

ह्या बारीला केमोच्या खोलीत नवी गोळी दिली. सिस्टर भराभरा कायतरी बोलली, त्यातलं मला निम्मं कळलं. म्या इचारलं, "म्हणजे काय?" ती पुन्हा तेच बोलली. म्या पुन्हा इचारलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. कान तापले माझे. पण मी हलले न्हाई.

"मला कळंल असं सांगा," म्हणले. "मी थांबते."

हसणाऱ्यानं हसावं. मला कळल्याशिवाय मी बटण दाबणार न्हाई, अंगठा न्हाई, सही न्हाई, खुर्चीवरनं उठणार न्हाई. येते एकटी. इचारणार बी एकटीच. दहा येळा इचारीन. अकराव्यांदा बी इचारीन.