बोटीच्या फाइलची एक ओळ

आज मंगळवार. दिवसभर रत्नागिरीतल्या खोलीवर काम केलं. दुपारी गावी, नाटे इथे, बाबांना एक फोन केला.

फाइलमध्ये चित्र आहे, मजकूर आहे की आवाज, हे ओळखणारी एक प्रोग्रामिंग लायब्ररी मी आणि धाकटा भाऊ सुहास मिळून सांभाळायचो. त्याला जाऊन चार महिने झाले. बाबांच्या बोटीवरच्या जीपीएसमध्ये मासळीच्या जागा साठवलेल्या असायच्या. ती फाइल ओळखता यावी म्हणून त्याने प्रकारांच्या यादीत एक ओळ घातली होती.

सकाळी पुण्याच्या सहकाऱ्याने विचारलं, "दादा, या ओळीमुळे दुसऱ्या फाइली चुकीच्या ओळखल्या जातायत. हा प्रकार कोणी वापरतं का?"

मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "बोट विकली ना रे. सुहासच नाही, तर त्या जागा कोणाला दाखवू?"

मी ओळ काढली. खात्रीसाठी सुहासने ठेवलेली फाइल लायब्ररीला दिली. उत्तर आलं, 'अनोळखी प्रकार'. म्हणजे दुरुस्ती बरोबर झाली होती.

गेलेल्या माणसाचं काम आपल्याच हाताने पुसायची वेळ तुमच्यापैकी कोणावर आली आहे का?

ते उत्तर पाहून झाल्यावर मी उठून एकट्यापुरता भात लावला.